नागपुरात बसून कंपनीची वकिली: चांगले वकील कशाने येतात आणि कशाने टिकतात?

पुरसिस (धागालेखिका)

नमस्कार. मी ११ वर्षे नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली केली आणि आता ४ वर्षांपासून पुण्याच्या एका कंपनीच्या विधी विभागाचे काम प्रतापनगरातल्या माझ्या घरून पाहते. वकिलांची भरती हा त्या कामाचा एक भाग आहे. त्यातला एक अनुभव येथे मांडून इतरांचे मत विचारावे, असे बरेच दिवस मनात होते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही करारनाम्यांच्या कामासाठी २ वकिलांची जाहिरात दिली. पगार चांगला होता, काम पूर्णपणे घरून होते आणि विदर्भातून अर्ज यावेत म्हणून ती मी ओळखीच्या बार रूममध्येही फिरवली. मुलाखतींत सर्वांत योग्य वाटलेल्या उमेदवार अकोल्याच्या होत्या. शेवटी मी त्यांना काही विचारायचे आहे का, असे विचारले, तेव्हा पगार किंवा सुट्ट्या यांबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "एखादा करार तुमच्याकडे तपासायला येतो तिथपासून त्यावर सही होईपर्यंत तो कुठून कुठे जातो, ते मला पडद्यावर दाखवाल का?" मी दाखवले. विक्री विभागाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला मसुदा, त्यावर ईमेलने गेलेल्या तीन दुरुस्त्या, प्रत्येकाच्या संगणकावरची वेगळी प्रत, आणि यांतली शेवटची कोणती हे ठरवण्यासाठी पुण्याला करावा लागणारा फोन. त्यांनी शांतपणे सगळे पाहिले आणि दोन दिवसांनी नकार कळवला. कार्यालयात असते तर शेजारच्या टेबलावर विचारून निभावले असते, पण घरून हे निभावणार नाही आणि चुकीची प्रत सहीला गेली तर बोल मला लागेल, असे त्यांनी लिहिले होते.

तो नकार मला फार लागला, कारण त्यात चुकीचे काहीच नव्हते. पुढचे ७ महिने आम्ही जाहिरात दिली नाही. प्रत्येक प्रकरणाला एक क्रमांक आणि एक फोल्डर दिले. दस्तऐवजाची प्रत एकच राहील, आधीच्या सगळ्या आवृत्त्या तिच्या आत साठतील आणि कोणी कोणते कलम कधी बदलले हे नावासह दिसेल, अशी व्यवस्था घेतली. काम मागण्यासाठी एकच अर्ज ठेवला. तो भरल्याशिवाय विक्री विभागाचा मसुदा वकिलाकडे जातच नाही. यांतले शेवटचे सर्वांत कठीण गेले, कारण फोनवर "मॅडम, एवढे आजच्या आज पाहा" असे सांगायची सवय मोडायला यंत्रणेपेक्षा वरिष्ठांचा पाठिंबा जास्त लागतो.

दुसऱ्या जाहिरातीत हे सगळे साध्या शब्दांत लिहिले आणि मुलाखतीत अर्धा तास केवळ ते दाखवण्यासाठी ठेवला. यावेळी अर्ज थोडे कमीच आले, पण जे आले त्यांतले बहुतेक विचार करून आलेले होते. घरून काम करणाऱ्या वकिलाला कंपनीची इमारत, चेंबर, ग्रंथालय, हाताखालचा कारकून यांपैकी काहीच दिसत नाही. त्याच्यापुढे असते ती फक्त पडद्यावरची मांडणी, आणि येथे आपले नाव, आपल्या अशिलाचे गुपित आणि आपली संध्याकाळ सुरक्षित राहील की नाही, हे तो तिच्यावरूनच ठरवतो, असे माझे मत झाले आहे.

तुम्ही अशी नोकरी घेताना किंवा नाकारताना काय पाहिले, ते कृपया सविस्तर लिहावे.

सिव्हिल लाइन्स

आपला अनुभव मोलाचा आहे. मात्र मी ३४ वर्षे खंडपीठात वकिली करतो आहे आणि माझ्या चेंबरमधले दोन ज्युनियर गेल्या तीन वर्षांत अशा नोकऱ्यांकडे गेले, म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ४९ स्पष्ट आहे. पूर्णवेळ पगारी नोकरी घेणाऱ्या वकिलाने ते आपल्या राज्याच्या बार कौन्सिलला कळवायचे असते आणि ती नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची असते. नोकरी घरून आहे की कार्यालयातून, याने काही फरक पडत नाही. घरी असल्यामुळे दुपारी एखादी तारीख करून येऊ, असा समज काही मुलांचा असतो, तो चुकीचा आहे आणि तो सनदेवर बेततो. माझ्या ज्युनियरांपैकी एकाला हे नोकरी लागल्यावर तिसऱ्या महिन्यात कळले. त्याला घेणाऱ्या कंपनीने मुलाखतीत लॅपटॉप, खुर्ची आणि इंटरनेटचे पैसे यांबद्दल पुष्कळ सांगितले होते, सनदेबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही, हेही लिहितो. देशातले पहिले ई-संसाधन केंद्र, म्हणजे दावे ऑनलाइन दाखल करण्याची सोय देणारे न्यायकौशल, ३१ ऑक्टोबर २०२० रोजी आपल्याच शहरात न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेत सुरू झाले. तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे हे मूळचे नागपूरचेच. आणि घरापासून दूर असलेल्या न्यायालयांसाठी येथे बसून काम करणे नागपूरला नवे नाही. १९१४ साली सुरू झालेले ऑल इंडिया रिपोर्टर हे न्यायालयीन निकालांचे नियतकालिक नागपुरातून देशभरातल्या वकिलांच्या कपाटांत गेले. मद्रासच्या किंवा लाहोरच्या निकालाचे सार कुणीतरी वाचून, निवडून, मांडून देत होते म्हणूनच ते खंड कामाला आले. तेव्हा प्रश्न अंतराचा नाही. आपल्या पेशाचे नियम सांभाळून काम होते की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

पुरसिस (धागालेखिका)

सर, आपला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे आणि तो मी मूळ लेखात घ्यायला हवा होता. आमच्या जाहिरातीत आता पहिल्याच परिच्छेदात दोन वाटा वेगळ्या लिहिलेल्या असतात. पूर्णवेळ पगारी पद घेणाऱ्याने बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवायची. ज्यांना न्यायालय सोडायचे नाही त्यांच्यासाठी ठरावीक कामाचा मोबदला देणारा सल्लागाराचा करार आहे, त्यात हजेरी नाही आणि पगार नाही.

या दुसऱ्या वाटेला तंत्रज्ञानाची गरज जास्त लागते, हे मला उशिरा समजले. सल्लागार वकिलाचे स्वतःचे अशील असतात. त्यामुळे त्याला आमच्या सगळ्या फायली दिसून चालत नाही. ज्या प्रकरणावर तो काम करतो तेवढ्याच दिसल्या पाहिजेत आणि काम संपल्यावर त्याही बंद झाल्या पाहिजेत. काम देण्याआधी समोरच्या पक्षाची नावे त्याला कळवून हितसंबंध आड येत नाहीत ना, हे तपासून घ्यावे लागते. पूर्वी हे फोनवर होत असे आणि कुठे नोंद राहत नसे.

आणखी एक गोष्ट आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ खाली वकील आणि अशील यांच्यातल्या संवादाला मिळणारे संरक्षण कंपनीत पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या विधी सल्लागाराला मिळत नाही, कारण तो न्यायालयात वकिली करणारा वकील नसतो. त्यानंतर आम्ही बाहेरच्या वकिलांशी होणारा सल्ल्याचा पत्रव्यवहार आणि कंपनीतला रोजचा विधी पत्रव्यवहार यांची फोल्डरे वेगळी केली. अनुभवी उमेदवार आता मुलाखतीत नेमके याबद्दल विचारतात, आणि उत्तर तयार असलेले पाहिले की त्यांचा बोलण्याचा सूर बदलतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

अंबाझरी

मी उलट बाजूने लिहिते, म्हणजे सोडून आलेली वकील म्हणून.

मुलगी ७ महिन्यांची असताना मी घरून करायची नोकरी शोधत होते. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली आणि रजेनंतर कामाचे स्वरूप तसे असेल तर मालक आणि कर्मचारी यांच्या संमतीने घरून काम करता येईल, अशी तरतूदही आली. पण आधीच्या चेंबरला अशी संमती द्यायची नव्हती. मग एका परराज्यातल्या संस्थेत करार तपासण्याचे काम मिळाले. पगार मिळायचा, काम आवडायचे, पण लॅपटॉपमध्ये त्यांनी एक प्रणाली बसवली होती. दर दहा मिनिटांनी ती पडद्याचे छायाचित्र घ्यायची आणि काही मिनिटे कळ दाबली गेली नाही किंवा माउस हलला नाही, तर "निष्क्रिय" अशी नोंद करायची.

वकिलाचे काम कसे असते, हे येथे सांगायला नको. ८० पानांचा पुरवठा करार हाती आला की त्यातले नुकसानभरपाईचे कलम, दायित्वाच्या मर्यादेचे कलम आणि मागे कुठेतरी परिशिष्टात लपलेली व्याख्या एकमेकांशी जुळतात का, हे पाहायला मी चाळीस मिनिटे हात न हलवता वाचत बसते. कागदावर आकृती काढते. माझ्या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग तोच असतो, आणि महिनाअखेरीच्या अहवालात तोच वेळ माझ्या नावापुढे रिकामा दिसायचा. वरिष्ठांना मी हे समजावले, त्यांनी ऐकून घेतले, पण अहवाल तसाच येत राहिला. मग वाचताना उगाच माउस हलवत राहायची सवय लागली. ज्या दिवशी हे माझ्या लक्षात आले, त्या दिवशी मी राजीनामा लिहायला घेतला.

माझा दुसरा आक्षेप याहून गंभीर होता. त्या छायाचित्रांत अशिलांचे मसुदे, किमती, वाटाघाटींच्या टिपणी असे सगळे असायचे आणि ती कुठल्या तरी तिसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जमा व्हायची. गोपनीयतेच्या करारावर माझी सही घ्यायची आणि माझ्याच पडद्यावरून अशिलाचे कागद रोज बाहेर पाठवायचे, हे मला कधीच पटले नाही.

सध्या मी दुसऱ्या ठिकाणी काम करते. तेथे प्रकरणागणिक लागलेला वेळ मी स्वतः लिहिते आणि काम दिलेल्या दिवशी होते की नाही, एवढेच पाहिले जाते. पगार थोडा कमी आहे.

मिहानकर

मी वकील नाही. मिहान या नागपूरच्या उद्योग प्रकल्पातल्या एका माहिती तंत्रज्ञान कंपनीत सुरक्षेचे काम करतो आणि आमच्या विधी विभागाची यंत्रणा माझ्याकडे आहे. अंबाझरी यांनी लिहिलेली अडचण मला दुसऱ्या टोकाकडून माहीत आहे, म्हणून थोडे लिहितो.

व्यवस्थापनाला बहुतेक वेळा दोन वेगळ्या भीती असतात आणि ते त्यांवर एकच औषध शोधतात. एक भीती कागद बाहेर जाण्याची, दुसरी माणूस काम करत नसल्याची. पहिल्या भीतीसाठी माणसाच्या पडद्यावर लक्ष ठेवावे लागत नाही, दस्तऐवजावर ठेवावे लागते. फाइल कोणी उघडली, कोणी उतरवून घेतली, कोणी छापली याची नोंद दस्तऐवजाच्या व्यवस्थेत आपोआप होते. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपची डिस्क कूटबद्ध असेल, प्रवेशासाठी पासवर्डासोबत दुसरी खूण लागत असेल आणि लॅपटॉप हरवला तर दूरवरून तो पुसता येत असेल, तर पुष्कळसा धोका तेथेच आटोक्यात येतो. दुसऱ्या भीतीला तंत्रज्ञानाकडे उत्तर नाही. वकिलाला दिलेल्या कामाचा दर्जा दुसऱ्या वकिलालाच कळतो.

उमेदवारांनी एक प्रश्न जरूर विचारावा: "मला लॅपटॉप तुम्ही देणार की मी माझा वापरायचा?" स्वतःचा वापरा, असे उत्तर आले तर घरातल्या ज्या संगणकावर मुले शाळेचा अभ्यास करतात, त्यावरच अशिलाचे कागद राहणार आहेत, हे समजून घ्यावे. यंत्र देणाऱ्या कंपनीने निदान तेवढा विचार केलेला असतो.

वारंगा

मी महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ, नागपूर येथून नुकताच पदवीधर झालो. आमच्या तुकडीतले पुष्कळ जण मुंबई, दिल्ली आणि बंगळुरूला गेले. मला आईवडिलांसाठी नागपुरात राहायचे आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनियर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे आणि प्रत्यक्षात मला ज्या चेंबरांत विचारणा झाली तेथे आकडा याच्या जवळपासही नव्हता. त्यामुळे घरून करायची नोकरी मला परवडणारी वाटते.

मला भीती आहे ती शिकण्याची. चेंबरमध्ये सर अशिलाशी कसे बोलतात, कोणता मुद्दा सोडून देतात, न्यायाधीशांनी भुवई उंचावली की युक्तिवाद कसा वळवतात, हे बसून पाहता येते. घरात एकट्याने बसून दुरुस्त झालेला मसुदा परत आला, तर दुरुस्ती का झाली हे कोण सांगणार? या बाबतीत कोणती यंत्रणा खरोखर उपयोगी पडते, हे पुरसिस मॅडम आणि इतरांनी सांगावे.

पुरसिस (धागालेखिका)

वारंगा, हा प्रश्न आमच्याकडे पहिल्या वर्षी आलेल्या प्रत्येकाने विचारला आहे आणि आमच्याकडे याचे उत्तर अर्धवटच आहे, हे आधी सांगते.

दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली म्हणजे कलमांचा संग्रह. आम्ही नेहमी वापरत असलेले प्रत्येक कलम त्यात तीन रूपांत असते: आम्हाला हवे तसे, तडजोड म्हणून चालेल तसे आणि कोणत्याही परिस्थितीत न चालणारे. प्रत्येकाखाली कारण लिहिलेले असते. हे कारण लिहिणे फार कंटाळवाणे काम आहे आणि ते ज्येष्ठ वकिलांनीच करावे लागते, पण नव्या वकिलाला त्यातून महिन्याभरात जे कळते ते मला माझ्या पहिल्या चेंबरमध्ये दोन वर्षांत कळले होते. दुसरी म्हणजे दुरुस्तीसोबत टिपणी सक्तीची करणे. मी एखादे वाक्य खोडले तर कडेला का खोडले हे लिहिल्याशिवाय मसुदा परत पाठवत नाही. आठवड्यातून दोनदा पडदा समोर ठेवून एक मसुदा आम्ही एकत्र वाचतो.

वाटाघाटींच्या बैठकांना नव्या वकिलाला दूरस्थ पद्धतीने बसवता येते, समोरच्या पक्षाला तसे सांगून. पुण्याच्या कार्यालयात ज्यांना एका खोलीत सहाच खुर्च्या असल्यामुळे बाहेर थांबावे लागले असते, ते असे ऐकू शकतात. परंतु न्यायालयातली भुवई पडद्यावर दिसत नाही, हे तुम्ही म्हणता ते खरे आहे. ज्याला न्यायालयाची ओढ आहे त्याने पहिली दोन-तीन वर्षे चेंबरमध्येच काढावीत, असे मी मुलाखतीतही सांगते आणि त्यामुळे आमचे एक-दोन चांगले उमेदवार गेलेही आहेत.

सिव्हिल लाइन्स

शेवटच्या परिच्छेदाबद्दल आपले आभार. वारंगा यांनी वाटल्यास खंडपीठात येऊन भेटावे. विद्यावेतनाबद्दल त्यांनी लिहिलेले आमच्या पिढीने गंभीरपणे घेण्यासारखे आहे.

टंकलेखक

मी न्यायालयीन टंकलेखन आणि अनुवाद करतो. आपल्या चर्चेत मराठी कागदपत्रांचा विषय आला नाही, म्हणून लिहितो.

कंपन्यांचे करार इंग्रजीत असतात, पण विदर्भातल्या वकिलाकडे येणाऱ्या कामात सातबारा, फेरफार, ग्रामपंचायतीचे ठराव, जुनी खरेदीखते, नगर भूमापनाच्या नकला असे पुष्कळ काही मराठीत असते. त्यातली गेल्या २५-३० वर्षांतली बरीच टंकलिखित सामग्री युनिकोडपूर्व फॉन्टांत आहे, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणारी युनिकोड ही अक्षरपद्धती रुळण्याआधीच्या. श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की निरर्थक अक्षरांची रांग दिसते. कार्यालयात एका कोपऱ्यात जुना फॉन्ट असलेला संगणक ठेवून काम चालते; घरून काम करणाऱ्या वकिलाकडे तो कोपरा नसतो. त्याला शोधखिडकीत "भोगवटादार" लिहून काहीच सापडत नाही, कारण फाइलमध्ये तो शब्द यंत्राच्या दृष्टीने मराठी नसतोच.

माझ्या ओळखीच्या एका वकीलबाईंनी बँकेसाठी मालकी हक्काच्या तपासणीचे काम घरून घेतले आणि पहिल्याच महिन्यात सोडायची तयारी केली, ती केवळ यामुळे. त्यांना काम देणाऱ्यांनी मग सर्व जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलून घेतल्या. त्यातले अडीचशेच्या वर दस्त मी स्वतः बदलले आणि प्रत्येक दस्त मूळ प्रतीशी ताडून पाहिला, कारण रूपांतरात जोडाक्षरे आणि अंक हमखास बिघडतात. गट क्रमांकातला एक अंक बदलला तर शेत बदलते. त्या बाई अजून तेथेच आहेत.

झाडीपट्टी

टंकलेखक यांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. मी साकोलीत राहतो, भंडाऱ्यात वकिली करायचो आणि आता दोन संस्थांसाठी जमिनींच्या मालकी हक्काची तपासणी सल्लागार म्हणून करतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, फेरफार आणि खाते उतारा पाहता येतो, दावा प्रलंबित आहे का हे ई-कोर्टवर पक्षकाराच्या नावाने शोधता येते आणि एकदा त्या दाव्याचा स्वतःचा १६ अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळाला की पुढच्या तारखा व आदेश त्यावरच मिळतात. दहा वर्षांपूर्वी यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी मी तहसील, तलाठी आणि न्यायालय यांच्यात एसटीने फिरलो आहे.

पण मला या कामासाठी जे शोधत आले ते माझ्याकडे यंत्र आहे म्हणून आलेले नाहीत. नझूल जमीन (वस्तीतली सरकारी जमीन) म्हणजे काय, वर्ग २ च्या भोगवट्याला, म्हणजे सरकारी अटींवर धारण केलेल्या जमिनीला, हस्तांतरणाची कोणती परवानगी लागते, आणि सातबाऱ्यावर झुडपी जंगल अशी नोंद दिसली की थांबायचे, हे आमच्याकडच्या वकिलाला सांगावे लागत नाही. झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितल्यानंतर तर बाहेरच्या लोकांना याचे महत्त्व फारच कळले. मुंबईच्या कार्यालयाला हे ज्ञान हवे होते आणि मला साकोली सोडायची नव्हती. तंत्रज्ञानाने या दोन गोष्टींची गाठ घालून दिली, एवढेच.

काम देणाऱ्यांना एक विनंती करतो. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी वीज गेली की घर तापते आणि राउटर बंद पडतो. माझ्या एका संस्थेने इन्व्हर्टरचा खर्च उचलला आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालणारा जोड राउटर दिला. दुसऱ्या संस्थेने दिलेली सूचना "अखंड इंटरनेट ही सल्लागाराची जबाबदारी राहील" अशी होती. मी दोघांचेही काम करतो, पण तातडीचे काम कोणाचे आधी घेतो, हे सांगायची गरज नाही. तसेच नोंदणी कार्यालयातली जुनी पुस्तके अजूनही जाऊन, धूळ झटकूनच पाहावी लागतात. त्या दिवसाचा वेळ आणि प्रवास करारात धरलेला असावा.

अंबाझरी

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल कोणीच लिहिले नाही. हल्ली प्रत्येक जाहिरातीत "आम्ही एआय वापरतो" हे वाक्य असते. पुरसिस, तुमच्याकडे त्याने उमेदवार येतात का?

पुरसिस (धागालेखिका)

नुसत्या त्या वाक्याने येत नाहीत. उलट अनुभवी लोक सावध होतात. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने जून २०२३ मध्ये दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला ५,००० डॉलरचा दंड केला, कारण त्यांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे अर्जात दिले होते. ते प्रकरण आता प्रत्येक वकिलाला माहीत आहे. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी या साधनांच्या वापराचे धोरण काढले आणि निर्णय लिहिण्यासाठी त्यांचा वापर करू नये, असे त्यात सांगितले. उमेदवार विचारतात ते असे: तुमचे धोरण लेखी आहे का, अशिलाचा मजकूर कोणत्या साधनात टाकायला परवानगी आहे, आणि यंत्राची चूक माझ्या नजरेतून सुटली तर दोष कोणाचा?

आम्ही ते एकाच प्रकारच्या कामाला वापरतो. लांब कराराचे पहिले वाचन करून आमच्या संग्रहातल्या कलमांपासून कुठे फरक आहे, तेवढे ते दाखवते. निवाड्यांचा शोध वकील स्वतः घेतो आणि उद्धृत केलेला प्रत्येक निवाडा मूळ ठिकाणी उघडून वाचल्याची खूण करतो. खुल्या, फुकट साधनात अशिलाचा एक शब्दही टाकायचा नाही, असे नेमणूकपत्रातच लिहिले आहे. हे धोरण दोन पानांचे आहे आणि मी ते मुलाखतीच्या आधी पाठवते.

मिहानकर

ती दोन पाने मुलाखतीच्या आधी पाठवणे फार चांगले. इतर कंपन्या हे रुजू झाल्यावर पंचवीस धोरणांच्या गठ्ठ्यात देतात आणि कोणी वाचत नाही.

एक शंका आहे. पूर्ण काम घरून असताना सह्यांचे काय करता?

पुरसिस (धागालेखिका)

व्यावसायिक करारांवर आधार आधारित ई-सही किंवा डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र चालते आणि आमचे जवळजवळ सगळे काम त्यातच येते. मुद्रांक शुल्क राज्य शासनाच्या ग्रास या ऑनलाइन प्रणालीवर भरता येते. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मृत्युपत्रासारखे काही दस्त अजूनही वगळलेले आहेत आणि नोंदणी सक्तीची असेल तेथे बहुतेक वेळा माणसाला जावेच लागते. अशा दस्तांची यादी आम्ही काम मागण्याच्या अर्जातच घातली आहे. त्यातला प्रकार निवडला की अर्ज पुण्यातल्या सहकाऱ्याकडे जातो. आधी हे सगळे नागपुरातून मीच फोनवर सांभाळत असे आणि त्यात सर्वांत जास्त चुका होत असत.

वारंगा

सर्वांचे आभार. सिव्हिल लाइन्स सरांना मी भेटून आलो. त्यांनी मला सहा महिने चेंबरमध्ये बसायला सांगितले आहे आणि विद्यावेतनाचा आकडाही मोकळेपणाने सांगितला.

पुरसिस मॅडम, मी वर्षभराने अर्ज केला तर मुलाखतीत मला नेमके काय पाहायला मिळेल?

पुरसिस (धागालेखिका)

अर्ध्या दिवसाचे काम मिळेल आणि त्याचे पैसे मिळतील. आम्ही एक काल्पनिक पुरवठा करार तयार केला आहे, त्यात कुणाही खऱ्या अशिलाचे काही नाही. उमेदवाराला आमच्या व्यवस्थेत तात्पुरता प्रवेश देतो. तो अर्जातून काम घेतो, कलमांचा संग्रह पाहतो, मसुदा दुरुस्त करतो, कडेला टिपण्या लिहितो, आणि आमच्यापैकी एक जण त्याला प्रतिसाद देतो. संध्याकाळी दोघे बोलतो. त्या बोलण्यात आम्ही त्याला जेवढे विचारतो, तेवढेच त्याने आम्हाला विचारावे, अशी अपेक्षा असते.

मूळ लेखात ज्यांचा उल्लेख केला त्या अकोल्याच्या वकिलांनाही आम्ही दुसऱ्या वेळी असेच बोलावले होते. त्यांनी काल्पनिक करारातल्या दोन परिशिष्टांत परस्परविरोध काढून दाखवला, जो आमच्याही लक्षात आला नव्हता, आणि काम मागण्याच्या अर्जात "समोरच्या पक्षाचा वकील कोण" हा रकाना नाही, हेही सांगितले. रकाना त्याच आठवड्यात घातला. त्या आता सल्लागार म्हणून आठवड्याचे तीन दिवस आमच्यासोबत असतात आणि उरलेले दिवस अकोल्याच्या न्यायालयात.

सरांकडचे सहा महिने पूर्ण करून या. चेंबरमध्ये असताना एखादा चांगला सिव्हिल दावा पहिल्या तारखेपासून रोजनाम्यासह, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले त्याच्या नोंदीसह, वाचा. करार मोडल्यावर त्याचे न्यायालयात काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याचा मसुदा आमच्याकडे लगेच ओळखू येतो.